फ्लाइट लेट झालीय? मग लेटच जाऊ दे! एअरलाइनमध्ये नव्यानं लागलेल्या आपल्या पोरापोरींसाठी

कोल्हापूर, इचलकरंजी, जयसिंगपूर इकडची पोरंपोरी आता एअरलाइनमध्ये बऱ्यापैकी दिसायला लागलीत. कुणी केबिन क्रू, कुणी उजळाईवाडीलाच, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावर, ग्राउंड स्टाफ, एखादा को-पायलट पण. ट्रेनिंगमध्ये दार कसं उघडायचं, आग कशी विझवायची, घोषणा कशी करायची सगळं घोटून घेतात, पण घड्याळ मानगुटीवर बसल्यावर काय करायचं हा विषय एका लेक्चरमध्ये उरकतात आणि खरी गंमत ड्यूटीवर गेल्यावर कळते. मी डिस्पॅचला असतो, म्हणजे फ्लाइट प्लॅन, हवामान, इंधन हे बघायचं काम. घाई करायला लावणारे फोन पण आमच्याच टेबलावरनं जातात आणि त्या घाईत काय काय सुटतं ते पण आम्हालाच दिसतं, त्यामुळं दोन्ही बाजूंचं लिहितोय.

आधी एक हिशेब करून बघा, कारण तो एकदा डोक्यात बसला की निम्मं काम होतं. कोल्हापूर ते मुंबई हवेतनं साधारण ३०० किमी. त्यातलं चढणं आणि उतरणं सोडलं तर सरळ उडायला समजा २०० किमी मिळतात. एटीआर, म्हणजे पंख्याचं छोटं विमान, ताशी ५०० किमीच्या आसपास जातं, म्हणजे ते २०० किमी कापायला २४ मिनिटं. आता पायलटनं जोर लावून ५२० नं नेलं तर किती लागतील? २३ मिनिटं. एवढा आटापिटा करून वाचलं एक मिनिट, आणि ते पण मुंबईवर एक गोल चक्कर मारायला लावली की गेलं. म्हणजे हवेत उशीर भरून निघत नाही. मग लोक तो भरून कुठं काढतात? जमिनीवर, तपासणीत. जे बघायचं ते न बघता, जे वाचायचं ते पाठ म्हणून आणि जे मोजायचं ते अंदाजानं. उशीर भरून काढायचा म्हणजे प्रत्यक्षात हेच असतं, दुसरं काही नाही.

घाई येते कुठनं

कॉकपिटमध्ये घाई कुणी मुद्दाम करत नाही हो, ती हप्त्याहप्त्यानं येते. सकाळची पहिली फ्लाइट धुक्यामुळं पाऊण तास लेट झाली की त्याच विमानाच्या पुढच्या सगळ्या फेऱ्या लेट. वर एअरलाइनला वेळेवर सुटण्याचा आकडा सांभाळायचा असतो, ठरलेल्या वेळेपासून १५ मिनिटांच्या आत असलं तर वेळेत धरतात, आणि डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं, मोठ्या विमानतळांवरचे हे आकडे दर महिन्याला जाहीर करतं. मग लेट का झालं याचा कोड कुणाच्या नावावर टाकायचा यावरनं भांडणं. कोड आपल्या डोक्यावर पडू नये म्हणून प्रत्येकजण दोन दोन मिनिटं दुसऱ्याकडं ढकलतो आणि शेवटी सगळी मिनिटं जाऊन पायलटच्या मांडीवर पडतात.

एटीआरचा थांबा बघा. विमान येऊन उभं राहिलं की अर्ध्या तासाच्या आत परत सुटायचं असतं. लोक मागच्या दारानं उतरतात आणि चढतात, सामान पुढच्या बाजूला, कॉकपिटच्या मागं. मागं वजन जास्त झालं तर शेपूट खाली टेकेल म्हणून शेपटीखाली एक दांडा लावतात, तो आठवणीनं काढायचा. एटीआरला जमिनीवर वीज द्यायला मागं वेगळं छोटं इंजिन नसतं, त्यामुळं काही वेळा उजवं इंजिन चालूच ठेवून नुसता पंखा ब्रेकनं थांबवून ठेवतात, म्हणजे पंखा थांबलाय म्हणून इंजिन बंद आहे असं धरून तिकडनं शॉर्टकट मारायचा नाही, कितीही घाई असली तरी. याच वेळात इंधन भरणं, साफसफाई, एका पायलटचं विमानाभोवती फिरून बघणं, दुसऱ्याचं कॉम्प्युटरमध्ये आकडे भरणं, आणि तेवढ्यात एक पॅसेंजर चेक-इन करून आलाच नाही, मग सिक्युरिटीच्या नियमानं त्याची बॅग शोधून उतरवा. बॅग उतरली की वजन बदललं, लोडशीट म्हणजे माणसं-सामानाच्या वजनाचा कागद बदलला, पायलटनं भरलेले आकडे बदलले. सुटायला चार मिनिटं असताना हा कागद कॉकपिटमध्ये येतो. अख्ख्या दिवसात सगळ्यात धोक्याची चार मिनिटं कुठली असं मला विचारलं तर मी हीच सांगीन. लोक वादळाला घाबरतात, मी शेवटच्या लोडशीटला.

उगं बोलत नाही. नासानं ९० च्या दशकात पायलट लोकांनी स्वतःहून पाठवलेले रिपोर्ट घेऊन घाईत झालेल्या चुकांचा अभ्यास केला होता, त्यात बहुतेक चुकांचं मूळ उड्डाणाच्या आधीच्या तयारीत सापडलं. चूक जमिनीवर होते आणि उघडी पडते धावपट्टीवर नाहीतर हवेत.

आकडा चुकला की काय होतं ते मेलबर्नला २० मार्च २००९ ला दिसलं. एमिरेट्सच्या विमानाचं वजन ३६२.९ टन होतं, भरताना २६२.९ पडलं. एका आकड्याचा फरक, पण १०० टन कमी धरून वेग आणि ताकद काढली गेली. विमान धावपट्टी संपली तरी धड उठेना, शेपूट घासत घासत कसंबसं वर गेलं. २७५ लोक होते आत, सगळे वाचले ते नशीब.

हाताशी ठेवायच्या गोष्टी

चेकलिस्ट मध्येच तुटली तर जिथं सोडली तिथनं पुढं नाही, पहिल्यापासून. हे सगळ्यात महत्त्वाचं. कुणी दार ठोठावलं, रेडिओवर बोलावलं, केबिनमधनं फोन आला, की परत वरनं सुरू. वीस सेकंद जातात. माद्रिदला २० ऑगस्ट २००८ ला स्पॅनएअरचं विमान बिघाड निघाला म्हणून धावपट्टीजवळनं परत आलं, दुरुस्त केलं, उशीर झालेला, उन्हाळ्याची गर्मी, आणि दुसऱ्यांदा निघताना पंखांचे फ्लॅप, म्हणजे कमी वेगात उचल देणाऱ्या मागच्या पट्ट्या, लावायचेच राहिले. चेकलिस्टमध्ये ती ओळ होती की. चुकलं तर ओरडून सांगणारा अलार्म पण वाजला नाही. १५४ लोक गेले.

दुसरं म्हणजे शेवटच्या क्षणी आलेला आकडा दोघांनी वेगवेगळा वाचायचा. एकानं वाचून दुसऱ्यानं "हां हां" म्हणणं याला तपासणी म्हणत नाहीत. ग्राउंडवाल्यांनी पण लोडशीट देताना नुसती हातात कोंबून पळायचं नाही, काय बदललं ते तोंडानं सांगायचं: "कॅप्टन, एक पॅसेंजर कमी, एक बॅग उतरवली, हा नवीन कागद." एवढं वाक्य पुरतं.

आणि ग्राउंडवरच्या पोरांनो, खरी वेळ सांगा. "बस पाच मिनिटं सर" हे आपलं ठरलेलं उत्तर, मग ती पाच मिनिटं पंधरा होतात आणि तेवढा वेळ कॉकपिटमधली माणसं निघायच्या तयारीत ताटकळून बसतात, एक डोळा घड्याळावर. पंधरा लागणार असतील तर पंधरा सांगा, शिव्या पडतील पण ती माणसं निवांत पाणी पितील, कागद परत वाचतील.

केबिन क्रूचं वेगळंच. विमान हललं की एक काका उठून वरची बॅग काढणार, "ताई, आमची पुढची फ्लाइट चुकणार, तुम्ही लवकर सोडा की" म्हणून दुसरे ओरडणार, आणि पुढनं विचारणार केबिन रेडी का. माणूस उभा असेल तर केबिन रेडी नाही, विषय कट. रेडी म्हटलं की पायलट तुमच्या शब्दावर विमान धावपट्टीवर नेतो. १०,००० फुटांच्या खाली असताना सुरक्षेच्या कामाशिवाय कॉकपिटला फोन करायचा नसतो हे शिकवलेलं असतंच, पण याचा उलटा अर्थ काढून धूर, वास, विचित्र आवाज असलं काही दडवून ठेवायचं नाही, त्याला तो नियम लागत नाही. एटीआरच्या दाराला आणीबाणीत फुगून उघडणारी घसरगुंडी नसते, पण उद्या एअरबसवर गेलात तर पोचल्यावर घाईत दार उघडण्याआधी ती बंद केली का हे आपल्या डोळ्यानं आणि समोरच्याच्या डोळ्यानं, दोन्हींनी बघा. एकदा फस्सकन उघडली की पाच मिनिटं वाचवायच्या नादात विमान तासन्‌तास तिथंच.

साहेबांना कसं बोलायचं

आपल्याकडं मोठ्या माणसाला उलट बोलायची पद्धत नाही. घरी ते बरं असतं पण विमानात त्यानं माणसं मेलीत. टेनेरिफचं सगळ्यांना माहीत असतं, २७ मार्च १९७७, दोन जंबो धावपट्टीवरच धडकले, ५८३ मृत्यू. पण त्यात घड्याळ किती होतं ते बघा. हॉलंडच्या केएलएम कंपनीचं विमान जायचं होतं लास पाल्मासला, तिथल्या विमानतळावर बॉम्ब फुटला म्हणून शेजारच्या बेटावर वळवलेलं. हॉलंडमध्ये ड्यूटीच्या तासांचे नियम नुकतेच कडक झालेले, जास्त वेळ गेला तर क्रूची ड्यूटी संपणार, विमान आणि पॅसेंजर तिथंच अडकणार. पुढं वेळ वाचावा म्हणून कॅप्टननं तिथंच ५५,५०० लिटर इंधन भरून घेतलं, आणि ते भरेपर्यंत मागचं पॅन ॲम कंपनीचं दुसरं जंबो अडकून पडलं, तोवर धुकं उतरलं. म्हणजे वेळ वाचवायच्या नादात वेळ गेला, आणि मग अजून घाई.

कॅप्टन म्हणजे साधा माणूस नव्हे, कंपनीच्या जंबो ट्रेनिंगचा प्रमुख, जाहिरातीत फोटो असलेला. शेजारच्या को-पायलटला जंबोचं पास त्यांनीच केलेलं. इंजिनाचा जोर वाढवायला घेतला तेव्हा को-पायलट एकदा बोलला की अजून परवानगी मिळाली नाही, कॅप्टन थांबले. दुसऱ्यांदा त्यांनी जोर लावला तेव्हा तो गप्प. मागं बसलेल्या फ्लाइट इंजिनियरनं विचारलं, ते पॅन ॲमचं विमान बाजूला झालं नाही का? प्रश्नच विचारला हो त्यानं. कॅप्टन ठामपणे म्हणाले झालं की, आणि संपलं.

म्हणून प्रश्न विचारू नका, काय दिसतंय ते सांगा आणि काय करायचं ते सांगा. "सर, जरा फास्ट नाही का वाटत?" याच्यात दम नाही. "सर, वेग जास्त आहे, गो अराउंड" (म्हणजे उतरणं सोडून परत वर चला) यात आहे. ठरलेले शब्द असतात ते याचसाठी, तिथं ना साहेब ना नोकर. १९९० च्या जानेवारीत न्यूयॉर्कजवळ आव्हियांका कंपनीचं विमान इंधन संपून पडलं, ७३ जण गेले. चकरा मारून मारून इंधन संपत आलेलं, तरी कंट्रोलला ते "प्रायॉरिटी" द्या म्हणत राहिले, "इमर्जन्सी" हा शब्द काही तोंडातनं निघाला नाही, आणि कंट्रोलला त्यातनं तेवढी निकड कळलीच नाही. आता मिनिमम फ्युएल आणि मेडे फ्युएल असे ठराविक शब्द आहेत, ते वापरायला लाजायचं नाही.

"आता आलोयच तर"

हे वाक्य डोक्यात आलं की सावध व्हा. इथपर्यंत आलोय, पलीकडं धावपट्टीचे दिवे दिसायला लागलेत, लोकांना घरी जायचंय, आता परत कुठं पुण्याला नाहीतर बेळगावला जायचं?

कोझिकोड, ७ ऑगस्ट २०२०. पाऊस, रात्र, डोंगरावरची धावपट्टी. कॅप्टन आपल्या महाराष्ट्रातले, हवाई दलात नाव काढलेले. पहिल्यांदा उतरणं सोडून ते परत वर गेले ते बरोबरच केलं. दुसऱ्यांदा दुसऱ्या बाजूनं आले तेव्हा वारा पाठीमागनं, कॅप्टनच्या बाजूचा वायपर नीट चालत नव्हता, विमान ८,८५८ फुटी धावपट्टीवर ४,४३८ फूट पुढं जाऊन टेकलं, म्हणजे निम्मी संपलेली. २१ जण गेले, दोन्ही पायलट त्यात. चौकशी अहवालात एक गोष्ट स्पष्ट लिहिलीय की दुसऱ्या दिवशी सकाळची फ्लाइट त्याच कॅप्टनना न्यायची होती आणि त्या तळावर कॅप्टन पुरेसे नव्हते, त्यामुळं तिथंच उतरायचं हे ओझं डोक्यावर होतं. को-पायलटनं शेवटी गो अराउंड म्हटलं पण तोवर उशीर झालेला. आता यात दोष एकट्या माणसावर टाकून मोकळं होणारे बरेच भेटतील, मला ते पटत नाही. रोस्टर म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक बनवताना टेबलावर जी काटकसर केली तीच तिथं धावपट्टीवर उतरली.

अमेरिकेत लिटल रॉकला १ जून १९९९ ला असंच. विमान दोन तासांवर लेट, क्रूची ड्यूटी संपत आलेली, वादळ येण्याच्या आत उतरू म्हणून घाई, आणि त्या घाईत उतरल्यावर पंखावरचे स्पॉयलर, म्हणजे विमान जमिनीला दाबून थांबायला मदत करणाऱ्या फळ्या, उघडायची तयारी करायचीच राहिली. ११ जण गेले, कॅप्टनसकट.

यावर उपाय हवेत सापडत नाही, निघायच्या आधी ठरवावा लागतो. १,००० फुटांवर सगळं जागेवर पाहिजे, वेग, उंची, चाकं, फ्लॅप. बाहेर स्वच्छ दिसत असेल तर फार तर ५०० फूट. नसेल जागेवर तर परत वर, चर्चा नाही. खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी, आपल्या भाषेत. गो अराउंड केला म्हणून कुणाला धारेवर धरायचं नसतं, तसं धोरणच आहे, त्यामुळं वर गेल्यावर माफी मागितल्यासारखी घोषणा पण करायची गरज नाही.

आणि इंधन. टाकीत इंधन म्हणजे हातात वेळ. जून-जुलैत आपल्याकडं ढग पार खाली येऊन बसतात, अशा दिवशी मी कॅप्टनना आधीच विचारतो, वीस मिनिटं जादा घालू का? खर्च वाढतो, वजन वाढतं, कधी कधी त्यापायी सामान मागं ठेवावं लागतं आणि मग त्यावरनं बोलणी खावी लागतात. खायची. पर्यायी विमानतळ आणि वर ३० मिनिटांचा राखीव साठा हे नियमातलं कमीत कमी, पण तेवढ्यावर येऊन एखादा जेव्हा पावसात चकरा मारत असतो तेव्हा त्याचं डोकं हवामान बघत नसतं, काटा बघत असतं. आणि कितव्या मिनिटाला वळायचं तो आकडा जमिनीवरच कागदावर लिहून ठेवायचा, म्हणजे तिथं गेल्यावर मनाशी घासाघीस नको.

झोप

दमलेल्या माणसाला घाई जास्त होते, कारण त्याला फक्त संपवायचं असतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवलं की सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचं काम रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखं होतं. पिऊन ड्यूटीवर आला तर नोकरी जाते, न झोपता आला तर "ॲडजस्ट करा की जरा".

भारतात नवीन नियमांनी पायलटची आठवड्याची विश्रांती ३६ वरनं ४८ तास केली, रात्रीची लँडिंग ६ वरनं २ वर आणली. हे दोन टप्प्यांत, जुलै आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालं. मग डिसेंबरमध्ये काय झालं ते सगळ्यांनी बघितलं, इंडिगोची विमानं हजारोंनी रद्द, एअरपोर्टवर बॅगांचे ढीग, आणि लोक म्हणायला लागले नियमच वाईट. नियम जानेवारी २०२४ पासनं कागदावर होता हो. माणसं पुरेशी नसताना रोस्टर घट्ट बांधलं की ते कुठंतरी तटतटून तुटणारच.

तुम्ही नवीन असाल तर हे करा: दमलोय हे ड्यूटीच्या आधी सांगा, रिपोर्टिंगला अर्धा तास राहिला असताना नाही. लग्न, जत्रा, भावाची हळद हे सगळं करून रात्रीची गाडी पकडून थेट ड्यूटीवर जाणारे मी बघतो, ते कंपनीचं रोस्टर नाही, ते आपलं आपण ओढवून घेतलेलं. आणि ड्यूटी वाढवायची का हे विचारायला फोन आला तर कॅप्टननी सगळ्या क्रूला विचारावं, तिथं सगळे हो म्हणतात म्हणून तुम्ही हो म्हणू नका. गुऱ्हाळावर ऊस घेऊन कितीही ट्रॅक्टर रांगेत असले तरी काहील कधी उतरायची ते गुळव्याच ठरवतो, मालक नाही. कमांडरचा शेवटचा शब्द तसाच असतो, फक्त तो शब्द वापरायला त्याला खालच्यांनी खरी माहिती द्यायला पाहिजे.

नंतर

घाईत काही सुटलं, पण निभावलं, तर रिपोर्ट टाका. सगळ्यात जास्त गळती इथंच होते, कारण काही झालंच नाही ना मग कशाला लिहा. लिहिताना "वेळेचा ताण होता" एवढंच लिहून पाठवू नका, त्यानं कुणालाच काही कळत नाही. किती वाजता विमान लागलं, बॅग उतरवायचं किती वाजता कळलं, नवीन लोडशीट सुटायच्या किती मिनिटं आधी आली, त्या वेळी कोण काय करत होतं, कुणाचा फोन आला, असं ओळीनं लिहा. असे पाचसहा रिपोर्ट एकाच फेरीचे जमले की मग रोस्टरवाल्यांना पण नाही म्हणता येत नाही, थांब्याची वेळ दहा मिनिटांनी वाढवलेली मी बघितलीय. आणि हे त्याच संध्याकाळी लिहा, दुसऱ्या दिवसावर ढकललं की मिनिटं गोल व्हायला लागतात.